दुखतंय का, असं विचारल्यावर

शिराळा म्हटलं की समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो. "ते नागांचं का?" हो, तेच. बत्तीस शिराळा. पेठ नाक्यावरून आत वळायचं. गोरखनाथांची कथा, अंबामातेचं देऊळ, मडक्यातले जिवंत नाग, नागपंचमीची मिरवणूक, मग १९७२ चा वन्यजीव कायदा, कोर्टाचे आदेश, बंदी... यावर इतकं लिहून झालंय की मी वेगळं काय लिहिणार? आजचा विषय दुसराच आहे. कॅन्सरच्या उपचारात सांधे आणि स्नायू का दुखतात, आणि ते दुखणं डॉक्टरी कागदांवर यायला इतकी वर्षं का लागली, हा. पण सुरुवात नागापासूनच करतो, कारण या इतिहासात एका टप्प्यावर चक्क नाग येतो.

१९३० च्या दशकात कॅन्सरच्या वेदनेवर खात्रीचं औषध म्हणजे मॉर्फीन. ते गुंगी आणायचं, पोट बांधायचं, आणि सवय लागेल ही भीती डॉक्टरांना रुग्णापेक्षा जास्त. त्यामुळे पर्यायाचा शोध सगळीकडे चालू होता. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत, म्हणजे सर्पदंशावरची लस काढणारा आणि आपण सगळ्यांनी दंडावर टोचून घेतलेल्या बीसीजीतला 'सी', कॅन्सरवर नागाच्या विषाचे प्रयोग करत होता. आपल्याकडे कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि जे. एस. चौहान भारतीय नागाचं विष शरीरात नेमकं काय करतं ते तपासत होते. आणि १९३६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डेव्हिड माख्ट या औषधशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. विषय: वेदनाशामक म्हणून नागाचं विष. अगदी सूक्ष्म मात्रेत टोचायचं. मात्रा मोजायचं एककही मजेशीर होतं, 'माउस युनिट', म्हणजे साधारण एक उंदीर मरेल एवढं विष. माख्टचं म्हणणं असं की याचा गुण उशिरा येतो, पण मॉर्फीनपेक्षा जास्त टिकतो आणि सवय लागत नाही. पुढे 'कोब्रॉक्सिन' नावाने ते बाजारात आलं, संधिवातावरही वापरून पाहिलं गेलं, आणि मग हळूहळू विसरलंही गेलं.

ज्या गावात नागाला भाऊ मानून ओवाळतात, त्या गावच्या माणसाला हे वाचून गंमत वाटणारच. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. माख्टला रुग्णाचं दुखणं कमी झालं हे कळलं कसं? रुग्णाने सांगितलं म्हणून. दुसरा मार्गच नव्हता, आणि आजही नाही. ताप थर्मामीटर सांगतो, साखर ग्लुकोमीटर सांगतो, दुखणं फक्त ज्याचं दुखतंय तो सांगतो. औषध दिलेला एक गट, न दिलेला दुसरा गट, चिठ्ठ्या टाकून वाटणी, ही पद्धत तर १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर रुळली. त्याआधी 'बरं वाटतंय' हाच पुरावा. (विषापासून वेदनेचं औषध बनायचं ते बनलंच म्हणा, पण नागाच्या नव्हे, समुद्रातल्या एका विषारी गोगलगायीच्या. झिकोनोटाइड नावाने २००४ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. थेट मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं, त्यामुळे घरगुती उपयोग शून्य.)

असो. आता माणसांकडे येऊ.

माझी आत्या शिराळ्यात असते. वय ५८. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि मग रोज एक छोटी गोळी सुरू झाली, ॲनास्ट्रोझोल. पाच वर्षं घ्यायची. केस परत आले, रिपोर्ट चांगले आले, घरच्यांनी पेढे वाटले. मध्ये एकदा फोनवर बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आरं, सकाळी मूठ वळत न्हाय. दोन तास जात्यात हात सुटायला. तवर च्याचा कप बी दोन हातांनी धरतीया."

"डॉक्टरांना सांगितलंस का?"

"त्यास्नी काय सांगायचं? ते कॅन्सरचं डॉक्टर. ह्यो तर वात हाय. वयच झालं की आता."

आणि थोडं थांबून, "ती गोळी बंद केली तर काय हुईल रं?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून मी लॅपटॉप उघडला. पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले.

या गोळीची मुळं १८९६ पर्यंत जातात. ग्लासगोचा सर्जन जॉर्ज बीटसन याने स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईची बीजांडं काढली आणि गाठी लहान झाल्या. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा नव्हता. पण त्यातून हे कळलं की काही कॅन्सर बाईच्या शरीरातल्याच एका रसावर पोसले जातात, तो तोडला तर उपाशी मरतात. पुढे टॅमॉक्सिफेन आलं, ते इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. १९९० च्या दशकात त्याच्याही पुढची पायरी आली. पाळी गेल्यावर बीजांडं थांबतात, तरी चरबी आणि स्नायूंमध्ये अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या तो कारखानाच बंद करतात. शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर.

आता एक तारीख सांगतो, ती लक्षात ठेवा: १९२५. त्या वर्षी सेसिल आणि आर्चर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 'पाळी जाण्याच्या वयातला संधिवात' अशा अर्थाच्या नावाचा लेख छापला होता. म्हणजे इस्ट्रोजेन घटतं त्या वयात बायकांचे सांधे धरतात, हे डॉक्टरांच्या नजरेला तेव्हाच आलं होतं. आपल्या आज्यांना तर त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. मग इस्ट्रोजेन मुद्दाम शून्यावर नेणारी गोळी बनवताना, सांधे दुखतील हे पहिल्या पानावर असायला हवं होतं ना?

नव्हतं. या गोळ्यांची सगळ्यात मोठी सुरुवातीची चाचणी 'अटॅक' नावाची, १९९६ मध्ये सुरू झाली, ९,३६६ स्त्रिया. चाचणी कशासाठी? कॅन्सर परत येतो का, आणि जीव वाचतो का. त्यात ॲनास्ट्रोझोल सरस ठरलं, आणि ते खरंच मोठं यश होतं, यात शंका नको. २००५ साली पाच वर्षांहून जास्त काळाचे निकाल छापले गेले, तेव्हा दुष्परिणामांच्या तक्त्यात एक ओळ होती: सांधेदुखी, ॲनास्ट्रोझोल ३५.६ टक्के, टॅमॉक्सिफेन २९.४ टक्के. सहा टक्क्यांचा फरक. तक्त्यातली एक ओळ, बस.

मग २००७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. कॅथरीन क्रू यांनी वेगळं काही केलं नाही, फक्त विचारलं. या गोळ्या घेणाऱ्या २०० स्त्रियांच्या हातात प्रश्नावली दिली: सांधे दुखतात का? आखडतात का? गोळी सुरू झाल्यावर दुखायला लागले की वाढले? ४७ टक्के स्त्रियांनी सांगितलं की गोळीमुळे दुखतात. ४४ टक्क्यांनी सांगितलं की आखडतात.

आमच्या धंद्यात लॉग लेव्हल म्हणून एक प्रकार असतो. सर्व्हरला सांगून ठेवलं की फक्त मोठी गडबड झाली तरच नोंद कर, तर बारीकसारीक इशारे तो लिहीतच नाही, आणि महिनाभर तुम्ही समजता सगळं आलबेल आहे. चाचणीत मृत्यू लिहिला जातो, हृदयविकार लिहिला जातो, हाड मोडलं तर लिहिलं जातं. मूठ वळत नाही हे बाईने आपणहून सांगितलं, समोरच्याने ऐकलं, आणि त्याला ते लिहिण्याजोगं वाटलं, तरच. आणि आमच्या आत्यासारखी बाई सांगणारच नाही, कारण तिच्या मते कॅन्सरच्या डॉक्टरला वाताचं गाऱ्हाणं सांगणं म्हणजे त्याचा वेळ खाणं.

यात जीवन-मरणाचा प्रश्न नाही असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. २०१२ साली मिशिगनच्या डॉ. लिन हेन्री आणि सहकाऱ्यांनी ५०० च्या आसपास स्त्रियांचा अभ्यास छापला. दोन वर्षांच्या आत त्यातल्या जवळपास एक तृतीयांश स्त्रियांनी दुष्परिणामांमुळे पहिली गोळी सोडली होती. सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यामुळे सोडणाऱ्याच २४ टक्के. म्हणजे जी गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिली, ती दर चौथी बाई हातपाय दुखतात म्हणून बंद करत होती. आत्याचा तो प्रश्न, "बंद केली तर काय हुईल", काही एकटीचा नव्हता.

आता शब्दांबद्दल थोडं, कारण मला यात सगळ्यात जास्त रस वाटला.

१९७५ साली मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने वेदनेची एक प्रश्नावली तयार केली. रुग्ण आपल्या दुखण्याला जे शब्द वापरतात ते त्याने वेचले, ७८ शब्दांची यादी केली आणि २० गटांत लावली. एवढे शब्द कशाला? कारण 'दुखतं' या एका शब्दाने डॉक्टरला काहीच कळत नाही. जळतं की टोचतं की दाबल्यासारखं वाटतं, यावरून दुखणं नसेचं, स्नायूचं की हाडाचं याचा अंदाज येतो.

मराठीत हे काम करायला मेलझॅकची गरज नाही. मी आत्याला एक वही करायला सांगितली, केमोपासूनचं आठवेल ते. तिने लिहिलेल्या वहीत 'दुखतं' हा शब्द फार कमी वेळा येतो. सलाईन झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "अंग मोडून येतं, मांड्यांत कळा". पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर "कंबरंत आन माकडहाडात ठणका". तळपायाला "मुंग्या, जिमिनीवर कापूस अंथरल्यागत". आणि आता गोळीवर "बोटं आखाडत्यात, मनगाट धरतंय, गुडघं सकाळी लाकूड". चार शब्द, चार वेगळी दुखणी, आणि चौघांची कारणंही वेगळी निघाली!

ठणक्याचं सोपं आहे. ते इंजेक्शन हाडातल्या मगजाला पेशी बनवायच्या ओव्हरटाइमला लावतं, म्हणून मोठी हाडं ठणकतात. थोड्या दिवसांत उतरतं.

अंग मोडण्याची गोष्ट मात्र लांबची आहे आणि तिच्यात आपल्याकडचा एक माणूस आहे. आत्याच्या केमोत पॅक्लिटॅक्सेल होतं. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलात यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली, आणि त्यातलं औषध वेगळं काढून त्याची रचना १९७१ मध्ये ज्यांनी जगापुढे मांडली, त्यात मन्रो वॉल यांच्यासोबत मनसुख वाणी होते. वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले. २०२० मध्ये ते वारले तेव्हा आपल्याकडे कोविडच्या गोंधळात फारशी बातमीही झाली नाही. (याच जोडीने १९६६ मध्ये शोधलेलं कॅम्पटोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडलं आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

पॅक्लिटॅक्सेल १९९२ मध्ये बाजारात आलं आणि 'स्नायू आणि सांधेदुखी' असा दुष्परिणाम त्याच्या कागदावर लागला. एक ते तीन दिवसांनी सुरू होतं, आठवड्याभरात बहुधा ओसरतं. सगळे समजत होते की स्नायूंना आणि सांध्यांना इजा होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. चार्ल्स लोप्रिन्झी यांनी २००७ च्या सुमारास रुग्णांना बारकाईने विचारलं, नेमकं कुठे, कसं, कोणत्या शब्दात. उत्तरं सांध्याच्या दुखण्याशी जुळेनात. निष्कर्ष असा निघाला की हे दुखणं मुळात नसांचं असावं, आणि ज्यांना हे पहिल्या डोसनंतर जास्त होतं त्यांना पुढे मुंग्या-बधिरपणाही जास्त होतो. म्हणजे आत्याची "मांड्यांत कळा" आणि "कापूस अंथरल्यागत" ही एकाच घरातली दोन भावंडं. पंधरा वर्षं औषधाच्या कागदावर चुकीच्या खात्यात नोंद होती, आणि ती सुधारली रुग्णाचे शब्द नीट ऐकून.

भारतात या सगळ्यावर आणखी एक जाड थर होता. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फीन ठेवायला इतके परवाने लागू लागले की बऱ्याच हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. नेमकं पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली, आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. जो देश सरकारी परवान्याने अफू पिकवतो, त्या देशातला रुग्ण मॉर्फीनविना तळमळत होता. माझ्या मते याचा एक परिणाम अजून टिकून आहे. शेवटच्या टप्प्यातल्या असह्य वेदनेलाच जिथे इतकी वर्षं औषध नव्हतं, तिथे उपचार यशस्वी होऊन घरी बसलेल्या बाईची आखडलेली बोटं रांगेत कितव्या नंबरला येणार?

मग उपाय काय, तर इथे चांगली बातमी आहे. दुखणं कागदावर आल्यावर त्याच्या चाचण्याही झाल्या. येल विद्यापीठाच्या मेलिंडा अर्विन यांच्या २०१५ च्या अभ्यासात या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रिया होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा शिकवणीखाली वजनांचा व्यायाम आणि १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम केला. वर्षभराने त्यांचं सगळ्यात वाईट दुखणं २९ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटात किंचित वाढलं. दुखतंय म्हणून झोपून राहा, या आपल्या घरगुती सल्ल्याच्या बरोब्बर उलट. २०१८ मध्ये २२६ स्त्रियांवर ॲक्युपंक्चरची चाचणी छापली गेली: सहा आठवड्यांत शून्य ते दहाच्या मापावर खऱ्या सुयांनी दोन अंक कमी, खोट्या सुयांनी एक, नुसतं थांबून राहिलेल्यांतही जवळपास एक. त्याच वर्षी ड्युलोक्सेटिन या गोळीची चाचणी आली. साध्या गोळीपेक्षा ती सरस ठरली, पण फरक एका अंकाहून कमी, आणि साध्या गोळीवरही बऱ्याच जणींचं दुखणं उतरलंच. आता माख्टच्या नागाच्या विषाचं काय झालं असेल याचा थोडा अंदाज येतो.

आणि गोळी बदलणं. फ्रान्समध्ये २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ॲनास्ट्रोझोल सहन न होणाऱ्या १७९ स्त्रियांना महिनाभर विश्रांती देऊन लेट्रोझोल सुरू केलं. औषधं एकाच जातीची, तरी सहा महिन्यांनी ७० टक्क्यांहून जास्त जणी नव्या गोळीवर टिकून होत्या.

हे सगळं डॉक्टरांना विचारून करायचं, स्वतः नाही. केमो चालू असताना मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी किडनीला किंवा रक्तस्रावाला महागात पडू शकते, पॅरासिटामॉल ताप झाकून टाकतं आणि केमोतला ताप ही धावपळ करायची गोष्ट असते. गावोगाव मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, म्हणून त्या एका दिवसात 'गुण' देतात. आणि एकाच हाडात नवं, रात्री न थांबणारं दुखणं असेल तर ते वहीत लिहून ठेवायचं नसतं, लगेच दाखवायचं असतं.

आत्याने वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, ड जीवनसत्त्व तपासलं, गोळी चार आठवडे थांबवली आणि मग दुसरी दिली. रोज सकाळी मोरणेकडच्या रस्त्याने शेजारच्या काकूंबरोबर चालणं, आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हातांचा व्यायाम. नवी गोळी सुरू होऊन अकरा आठवडे झालेत. वहीत सकाळचा आकडा सातवरून चारवर आलाय. भाकरी सलग तीन थापता येतात, चौथीला मनगट धरतं.